बदलीचे सामान फुटले तर? भरपाईची मुदत बुकिंगपासूनच धावू लागते

मुलांच्या सुट्ट्या धरून होणाऱ्या लष्करी बदल्या आणि मृगाचा पाऊस यांची गाठ गोव्यात दरवर्षी पडते. वास्कोतील वरुणापुरी, दाबोळीच्या हंसा तळाच्या वसाहती, वेरे येथील नौदलाची आस्थापने, पणजी परिसरातील लष्कराचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र, सर्वत्र या दिवसांत विशाखापट्टणम, कोची, दिल्ली अशा दूरच्या ठिकाणांहून बिऱ्हाडे येऊन उतरतात आणि तितकीच येथून निघतात. पलीकडे बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र व सांबऱ्याची हवाई दलाची प्रशिक्षण संस्था, तर दक्षिणेला कारवारचा कदंब तळ. तेथेही हेच चित्र. ताडपत्रीखालून पाणी झिरपलेला ट्रक चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून दारात उभा राहतो, खोकी खाली येतात आणि कपाटाचा आरसा तडकलेला, गादी भिजलेली, धुलाई यंत्राचा पत्रा आत गेलेला दिसतो. ‘एवढे चालायचेच’ असे म्हणून बहुतेक कुटुंबे गप्प बसतात. काही जण वाहतूक कंपनीला दोन-चार महिने फोन करीत राहतात आणि मग कंटाळतात. या दोन-चार महिन्यांतच त्यांचा कायदेशीर हक्क संपत आलेला असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

याचे मूळ एका गैरसमजात आहे. बदली सरकारी आहे, तेव्हा सामानाची जबाबदारीही कुठेतरी सरकारची असणार, असे अनेकांना वाटते. तसे नाही. बदलीसोबत मिळतो तो खर्च. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या नियमांनुसार मूळ वेतनाच्या ८० टक्के एवढे बदली अनुदान मिळते आणि रस्त्याने सामान नेण्यासाठी वेतनस्तरानुसार किलोमीटरमागे रक्कम ठरलेली असते. स्तर ६ आणि त्यावरील कर्मचाऱ्यांना ५० रुपये, स्तर ५ ला २५ रुपये, त्याखाली १५ रुपये हा २०१७ सालचा मूळ दर असून महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्क्यांची भर पडते. सैन्यदलांसाठी आदेश स्वतंत्र निघतात, पण त्यांची धर्ती हीच. हा पैसा वाहतुकीसाठी आहे. फुटतूट भरून देण्याची सोय त्यात नाही. ट्रक ठरवतो तो जवान किंवा अधिकारी स्वतः. करार होतो तो त्याच्यात आणि खासगी वाहतूकदारात. युनिटचा त्या करारात काहीही संबंध नसतो.

अमेरिकी सैन्याशी तुलना केली तर फरक ठळक होतो. तेथे सामान नेणारी कंपनी सैन्याच्या योजनेखाली नेमली जाते. जवानाने १८० दिवसांत नुकसानीची सूचना आणि नऊ महिन्यांत मागणी दाखल केली, तर वस्तूची संपूर्ण बदली-किंमत देण्यास ती कंपनी बांधील असते. कंपनीशी वाद जुळला नाही तर सैन्याचेच दावे पाहणारे कार्यालय जवानाच्या पाठीशी असते. भारतातील जवानाच्या पाठीशी अशा वेळी असतो तो फक्त सामान्य ग्राहकाचा कायदा. तो दुबळा नाही, परंतु कागद मागतो आणि वेळ पाळायला लावतो.

१८० दिवस कुठून मोजायचे?

रस्त्यावरील मालवाहतुकीला आज ‘रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७’ लागू आहे. १८६५ चा वसाहतकालीन वाहक कायदा बाजूला सारून तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याचे कलम १६ प्रत्येक बदलीवाल्या घराने पाठ करून ठेवावे असे आहे. माल हरवला किंवा खराब झाला तर दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस मिळाली पाहिजे आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. माल पोहोचला त्या तारखेपासून नव्हे, नुकसान लक्षात आले त्या दिवसापासूनही नव्हे.

हा शब्दभेद किरकोळ वाटेल. पण सैनिकी घरासाठी तो निर्णायक ठरतो. नव्या ठिकाणी पोहोचताच सरकारी निवासस्थान मिळेलच असे नसते. प्रतीक्षायादी असते. तोवर कुटुंब पाहुणे-निवासात किंवा भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि निम्मी खोकी बांधलेल्या स्थितीतच एका कोपऱ्यात किंवा वाहतूकदाराच्या गोदामात पडून राहतात. समजा, १ जून रोजी बुकिंग झाले, १२ जूनला ट्रक वास्कोला पोहोचला आणि घर मिळाले दिवाळीनंतर. खोकी उघडली तेव्हा नोव्हेंबरचा मध्य उलटला असेल. नोटिशीचा शेवटचा दिवस आहे २८ नोव्हेंबर. सहा महिने म्हणजे १ डिसेंबर, असा ढोबळ हिशेब करणारा तीन दिवसांनी हुकतो. म्हणून घर मिळण्याची वाट न पाहता, निदान काचसामान, विजेची उपकरणे व लाकडी सामान यांची खोकी पहिल्या आठवड्यातच उघडून पाहणे शहाणपणाचे. पहिल्या पाहणीत जे दिसले तेवढ्याचीच नोटीस तात्काळ पाठवून, उरलेली खोकी तपासणे बाकी असल्याचे तिच्यात नमूद करता येते. नंतर सापडलेल्या नुकसानीसाठी मुदतीच्या आत दुसरी नोटीस देण्यास कोणतीच आडकाठी नाही.

फोनवरील बोलणे किंवा ‘साहेब, बघतो’ असा व्हॉट्सॲपवरील निरोप यांना लेखी नोटिशीचा पर्याय समजू नये. साध्या कागदावर बुकिंगची तारीख, बिल्टीचा क्रमांक, कोठून कोठे, कोणत्या क्रमांकाच्या खोक्यातील कोणती वस्तू, नुकसान काय व अंदाजे रक्कम किती, एवढे लिहून ते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि बुकिंग झालेल्या शाखेला स्पीड पोस्टाने पाठवावे, पोहोचल्याचा पुरावा जपावा आणि त्याचीच प्रत ईमेलनेही धाडावी. वकील लागत नाही.

कोणाची चूक, हे सिद्ध कोणी करायचे?

येथे कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. कलम १२ नुसार माल हरवल्याच्या किंवा खराब झाल्याच्या दाव्यात वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नाही. माल धड दिला आणि मोडका मिळाला, एवढे दाखवले की पुरे. जुन्या कायद्यातही हेच तत्त्व होते आणि ते ग्राहक मंचांपुढेही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात स्पष्ट केले होते. वाहतूकदाराला सुटका मिळते ती नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती किंवा सरकारी निर्बंध अशा मोजक्या कारणांनी. आणि तेथेही योग्य काळजीने नुकसान टाळता आले असते तर ती सुटका नाही. जूनमध्ये गोव्यात पाऊस पडतो, ही काही अनपेक्षित आपत्ती नव्हे. फाटकी ताडपत्री घालून ट्रक घाटात सोडणाऱ्याला पावसाकडे बोट दाखवून सहज मोकळे होता येऊ नये.

‘ट्रक आमचा नव्हता, आम्ही फक्त बुकिंग घेतो’ हे आणखी एक नेहमीचे उत्तर. कायद्यातील वाहतूकदाराच्या व्याख्येत माल गोळा करणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा, बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट, दलाल हे सर्व येतात. पैसे ज्याने घेतले आणि पावती ज्याने दिली, त्याच्याकडेच बोट दाखवायचे. तो ट्रकमालकाकडून काय वसूल करतो, हा त्याचा प्रश्न. मात्र या व्याख्येतील व्यवसायाला कायद्याने नोंदणी प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. ते पाहिल्याविना सामान सोपवणे म्हणजे उद्या नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे आजच न ठरवणे. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर किंवा शब्द वाढवून धंदा करणारे या क्षेत्रात थोडे नाहीत.

आता अडचणीचा भाग. दायित्व आहे, पण त्याला मर्यादा आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे ती भाड्याच्या दहापट असून माल सोपवताना कागदावर जी किंमत घोषित केली असेल, तिच्यापुढे ती जात नाही. भाडे ४० हजार रुपये असेल तर मर्यादा ४ लाखांची. पण फॉरवर्डिंग नोटवर घरसामानाची किंमत ५० हजार लिहिली असेल, तर मर्यादाही ५० हजारच. ही किंमत बहुधा वाहतूकदाराचा माणूस स्वतःच लिहितो आणि घाईत असलेले गृहस्थ सही करतात. कमी किंमत लिहिण्याचे कारण विचारले की ई-वे बिलाचा बागुलबुवा दाखवला जातो. वास्तविक वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटी नियमांनीच ई-वे बिलातून सूट दिली आहे. तेव्हा ते कारण पोकळ आहे. खरी किंमत वस्तूवार यादीसह लिहून घ्यावी, आणि वाहतूकदाराकडे अधिक जोखमीचा वेगळा दर असेल तर तो भरून तशी लेखी नोंद करून घ्यावी.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. प्रवासभत्त्याच्या मागणीसाठी ‘हवे तेवढ्या रकमेचे बिल’ करून देणारे वाहतूकदार छावण्यांच्या आसपास सहज भेटतात. असे फुगवलेले बिल शिस्तभंगाला निमंत्रण तर देतेच, शिवाय नुकसानीच्या वेळी तेच बूमरँगसारखे उलटते. बिलावर एक भाडे, बँकेच्या नोंदीत दुसरे, आणि वाहतूकदाराच्या हाती ग्राहकाच्या खोटेपणाचा पुरावा. असा ग्राहक दाद मागायला जात नाही, हे तो वाहतूकदार पुरता ओळखून असतो. सरळ बिल असलेल्यांनीही एक काळजी घ्यावी. मूळ बिल आणि बिल्टी भत्त्यासाठी कार्यालयात जमा होतात. त्यापूर्वी त्यांच्या साक्षांकित प्रती घरात असाव्यात.

‘विमा आहे’ म्हणजे नेमके काय?

बिलात भाड्याव्यतिरिक्त ‘विमा’ किंवा ‘एफओव्ही’ या नावाने सामानाच्या किमतीच्या दोन-तीन टक्के रक्कम लावली जाते. ती भरली की सामान सुरक्षित, अशी समजूत होते. विमा देण्याचा अधिकार फक्त विमा कंपनीला आहे. वाहतूकदाराने विमा कंपनीची पॉलिसी किंवा प्रमाणपत्र हाती दिले नसेल, तर ती रक्कम म्हणजे फार तर वाहतूकदाराने स्वतः घेतलेल्या जोखमीचे शुल्क. आणि तेही कागदावर तसे लिहिले असेल तरच. ट्रक निघण्यापूर्वी पॉलिसीचा क्रमांक मागावा आणि तो विमा कंपनीकडे पडताळून पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे.

खरी पॉलिसी असली तरी तिचा प्रकार पाहणे अगत्याचे. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात सर्वसाधारणपणे तीन कलमसंच वापरले जातात. त्यातला ‘अ’ बहुतेक साऱ्या अपघाती नुकसानीला लागू होतो; ‘ब’ आग, वीज, पूल कोसळणे, टक्कर, वाहन उलटणे अशा नावानिशी दिलेल्या कारणांनाच; तर ‘क’ केवळ आग आणि वीज पडणे यांना. हमालाच्या हातून फ्रिज निसटला, तर ‘ब’ आणि ‘क’ चा काही उपयोग नाही. कच्चे पॅकिंग आणि नेहमीची झीज ‘अ’ मध्येही वगळलेली असते. रस्त्याने नेलेल्या मालाचे संरक्षण घरी पोहोचताच संपते आणि वाहन गावात येऊन थांबले तर सात दिवसांनी. म्हणजे गोदामात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या खोक्यांना वेगळ्या संरक्षणाची गरज असते.

विमा आहे म्हणून वाहतूकदाराला नोटीस देण्याचे टाळणे ही फार महागात पडणारी चूक. विमा कंपनी ग्राहकाला भरपाई दिल्यानंतर ती रक्कम वाहतूकदाराकडून वसूल करण्याचा हक्क स्वतःकडे घेते. १८० दिवसांत नोटीस गेली नाही तर हा हक्कच बुडतो आणि तेच कारण पुढे करून विमा कंपनी ग्राहकाची मागणी अडवू शकते. म्हणून दोघांनाही एकाच दिवशी कळवावे. सर्वेक्षक येईपर्यंत मोडलेली वस्तू, फुटलेले खोके, भिजलेला पुठ्ठा, काहीही फेकू नये. विमा कंपनीने लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर महिन्यानंतर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

ट्रक दारात असताना

नौदलाच्या घरांत अनेकदा असे घडते की नवरा जहाजावर असतो आणि सामान उतरवून घेते ती पत्नी, एकटी, दोन मुलांसह, हमाल घाई करीत असताना. त्या वेळी पुढे केला जाणारा कागद ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे म्हणत असतो. त्यावर नुसती सही करू नये. सहीच्या वर स्वतःच्या हस्ताक्षरात ‘खोके क्रमांक ७ व १२ ओले, कपाटाचा आरसा फुटलेला, उरलेली खोकी उघडून तपासलेली नाहीत’ असे मराठीत लिहिले तरी चालते. लिहू देत नसतील तर सही करण्याआधी त्या कागदाचा, ट्रकच्या क्रमांकाचा आणि उतरत असलेल्या सामानाचा मोबाइलवर सलग चित्रफितीने पुरावा घ्यावा. बांधणीच्या दिवशी घेतलेली अशीच चित्रफीत जोडीला असली, म्हणजे चालू स्थितीतील दूरचित्रवाणी संच खोक्यात जाताना दिसला, तर वादाला फारशी जागा राहत नाही. ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक पैसे दिल्याविना सामान उतरवणार नाही, अशी अडवणूक झाली तर ती केवळ ग्राहक-तक्रारीची बाब उरत नाही. ११२ वर फोन करून पोलिसांत नोंद करावी.

मागणीची रक्कम ठरवताना नव्या वस्तूची बाजारातील किंमत लिहिण्याचा मोह होतो. पाच वर्षे वापरलेल्या सोफ्याला नव्या सोफ्याचे पैसे मिळणे कठीण. दुरुस्ती शक्य असेल तर दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक, नसेल तर मूळ बिलावरून वापराची वजावट केलेली किंमत, असा हिशेब टिकतो. अवाजवी आकडा पाहिला की रास्त मागणीकडेही संशयाने पाहिले जाते.

नोटिशीला उत्तर आले नाही किंवा ‘दोन हजार घ्या आणि मिटवा’ असे आले, तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तीन गोष्टी सोप्या केल्या. बिलावर ‘फक्त दिल्ली न्यायकक्षा’ असे छापलेले असले तरी हा कायदा ग्राहकाला तो राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू देतो. आयोगाचे अधिकारक्षेत्र आणि शुल्क सामानाच्या किमतीवर नव्हे, मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. तो पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. बहुतेक घरगुती बदल्या या मर्यादेत बसतात. तिसरे म्हणजे तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि अर्ज केल्यास सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते. तीन वर्षांनी पुन्हा बदली होणाऱ्यासाठी ही शेवटची सोय मोलाची आहे. सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक असल्याने, पती समुद्रावर किंवा सीमेवर असताना पत्नीला स्वतःच्या नावाने तक्रार करता येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केल्यास काही कंपन्या तेवढ्यावरच बोलणीला येतात. मात्र हेल्पलाइनवरील तक्रार म्हणजे कलम १६ ची नोटीस नव्हे.

आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. आदेश निघूनही पैसे दिले नाहीत तर एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. युद्धकाळासारख्या विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्यांना १९२५ चा भारतीय सैनिक दावे कायदा न्यायालयीन मुदतींत काही संरक्षण देतो. परंतु त्यावर विसंबून वाहतूकदाराची नोटीस लांबवणे धोक्याचे, कारण ती दावा लावण्याआधीची अट आहे.

मोटारसायकल ट्रकऐवजी रेल्वेच्या पार्सलने पाठवणाऱ्यांना मात्र वेगळा कायदा लागतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत रेल्वेकडे लेखी मागणी गेली पाहिजे, आणि वाद पुढे रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे जातो. किंमत घोषित करून त्यावरील टक्केवारीचे शुल्क भरले नसेल, तर रेल्वेचे दायित्व किलोमागे ५० रुपयांवर थांबते. दीडशे किलोच्या मोटारसायकलला साडेसात हजार रुपये. मडगाव किंवा वास्को स्थानकाच्या पार्सल कार्यालयात अर्ज भरताना किमतीचा रकाना रिकामा सोडणाऱ्याच्या पदरात, गाडी हरवली तरी, तेवढेच पडतात.